वस्तीतला हॉल चालवायला घेताय? खुर्ची टाका दाराशी

कार्यक्रमाची जागा नव्याने चालवायला घेतलेल्या माणसाचं सगळं लक्ष स्टेजकडे असतं. माईक चालतोय ना, खुर्च्या लागल्या ना, वक्ते वेळेवर पोहोचतायत ना. मीही वर्षभर तेच करत होते. मग एकदा पाय मुरगळला आणि धावपळ करता येईना, म्हणून दाराजवळच खुर्ची टाकून बसले. दोन जण दारापर्यंत आले, आत डोकावले आणि मागच्या मागे वळले. एक बाई लहान मुलाला घेऊन बसल्या होत्या. मुलाने आवाज केला, चार माना वळल्या, बाई उठून गेल्या. एक आजोबा पहिल्या पायरीशी थांबले, कठडा शोधला, सापडला नाही, तर काठी टेकत परत निघाले. त्या दिवशी अभिप्रायाच्या वहीत सगळ्यांनी ‘छान झाला कार्यक्रम’ असं लिहिलं. लिहिणारे सगळे आत बसलेलेच होते.

परत गेलेली माणसं तक्रार करत नाहीत, फक्त पुन्हा येत नाहीत. खाली जे सांगतेय ते त्यांच्याकडे बघत शिकलेलं आहे. लेखात पायऱ्या बऱ्याच आहेत. तुमच्या जागेत मात्र शक्य तितक्या कमी असू द्या.

पायरी १ : भाडेकरारावर सही करण्याआधी फिरा

‘आमची जागा सगळ्यांसाठी खुली आहे’ हे वाक्य फलकावर लिहायला दहा मिनिटं लागतात. आजूबाजूला कोण राहतं, कोण कधी मोकळं असतं, कोणाला कुठे जायला संकोच वाटतो हे कळायला दोन-तीन आठवडे फिरावं लागतं. वीस-पंचवीस जणांशी बोला. सकाळी बोला, दुपारी बोला, रात्रपाळीवरून परतणाऱ्यांशीही बोला. प्रश्न एकच पुरतो : ‘मोकळा वेळ मिळाला तर कुठे जाता, आणि कुठे जायचं टाळता?’ खरी माहिती दुसऱ्या अर्ध्यात मिळते.

शिकागोमध्ये १८८९ साली जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोघींनी हल हाउस सुरू केलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात वाचन, चित्रं, साहित्य असं बरंच होतं. भोवतालच्या कामगार वस्तीतल्या आयांची अडचण निराळी होती : कामावर जाताना मुलं ठेवायची कुठे? लवकरच तिथे बालवाडी आली, पुढे पाळणाघर, सार्वजनिक स्नानगृह, मुलांसाठी मैदान. वाचन बंद पडलं नाही, पण जागा वस्तीची झाली ती या गोष्टींमुळे. तुम्हाला काय करायचंय ते ठरवून आलात तरी हरकत नाही, फक्त यादीचं अर्धं पान कोरं ठेवा.

इथे काय होणार आणि काय होणार नाही, हे पहिली विचारणा येण्याआधीच लिहून काढा. निवडणुकीचा प्रचार चालेल का? एखाद्या गटाला ‘फक्त आमच्याच लोकांसाठी’ असा कार्यक्रम करता येईल का? माल विकता येईल का? ओळखीचा माणूस समोर उभा असताना नियम ठरवायला बसलात तर तो नियम त्या माणसाच्या मापाचा होतो.

करारात चार गोष्टी तपासा : जागा सार्वजनिक कार्यक्रमांसाठी वापरायची परवानगी आहे का, किती वाजेपर्यंत, किती माणसांपर्यंत, आणि मोडतोड किंवा अपघात झाला तर जबाबदारी कोणाची. विम्याचं तेव्हाच विचारा. रेकॉर्ड केलेलं संगीत वाजवणार असाल तर त्याचा परवाना बऱ्याच ठिकाणी वेगळा घ्यावा लागतो.

पायरी २ : मोजपट्टी घेऊन रस्त्यापासून टॉयलेटपर्यंत चाला

हे काम डोळ्यांनी करायचं नाही, डोळे सवयीने फसतात. मोजपट्टी घ्या, वही घ्या, आणि एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं.

दार पूर्ण उघडल्यावर मोकळी रुंदी किमान ८० सेंटीमीटर हवी, ९० असेल तर उत्तम. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला सुमारे १५० सेंटीमीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं, आणि ते टॉयलेटमध्येही लागतं. बहुतेक जागा इथेच नापास होतात. उंबरठा सव्वा सेंटीमीटरपेक्षा उंच असला तर पुढची लहान चाकं अडकतात आणि काठीही अडखळते.

आता रॅम्प. सर्वसाधारण नियम १:१२, म्हणजे जितकी उंची चढायची त्याच्या बारा पट लांबी. प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असल्या तर उंची झाली ४५, आणि रॅम्प लागेल ५ मीटर ४० सेंटीमीटरचा. हा आकडा ऐकून लोक दचकतात आणि दोन मीटरची फळी टाकून मोकळे होतात. त्या फळीवरून व्हीलचेअर ढकलणाऱ्याच्या दंडात ताकद लागते, आणि उतरताना बसलेल्याचा जीव मुठीत असतो. लांबीला जागाच नसेल तर कमी पायऱ्यांचं दुसरं दार शोधा. ते मागच्या बाजूला असलं तर मात्र एक पथ्य पाळा : त्या दिवशी सगळ्यांनाच मागच्या दाराने आत घ्या. एकट्या माणसाला कचऱ्याच्या डब्यांशेजारून आत आणणं हे स्वागत नव्हे.

किती माणसं मावतात, याचा अंदाज सोपा आहे. ओळीत नुसत्या खुर्च्या मांडल्या तर माणशी सुमारे ०.६५ चौरस मीटर धरा, टेबलं मांडली तर सुमारे १.४. म्हणजे ६० चौरस मीटर मोकळ्या जागेत खुर्च्यांवर नव्वदच्या आसपास, टेबलांसह चाळीस-बेचाळीस. स्टेज, कपाटं, येण्याजाण्याची वाट ही त्यातून आधी वजा करायची. अग्निशमन खात्याने कमी आकडा दिला असेल तर तोच अंतिम.

आणि बाहेर पडायची दारं दोन हवीत, एकमेकांपासून लांब, बाहेरच्या बाजूला उघडणारी, कार्यक्रम चालू असताना कुलूप नसलेली. १९४२ मध्ये बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. मुख्य प्रवेशाचं फिरतं दार गर्दीने अडकलं, बाजूची काही दारं कुलूपबंद होती, काही आत उघडणारी, म्हणजे आतल्या रेट्यानेच बंद राहिलेली. ‘फुकटे घुसतात’ म्हणून मागचं दार लावून घेणारा एखादा स्वयंसेवक तुमच्याकडेही निघेल. त्याला ही गोष्ट सांगा. जादा खुर्च्यांची चळत त्या दारासमोर रचू नका, हेही त्याच दमात सांगा.

पायरी ३ : ऐकू येतंय का, दिसतंय का, श्वास घेता येतोय का

रिकाम्या हॉलच्या मधोमध उभ्या राहून एकदा जोरात टाळी वाजवा. आवाज घुमला तर बोललेलं मागच्या रांगेत पोहोचेपर्यंत गढूळ होणार. बोडक्या भिंती आणि गुळगुळीत फरशी हे त्याचं कारण. जाड पडदे, जमिनीवर जाजम, मागच्या भिंतीला कापडी फलक एवढ्याने खूप फरक पडतो. स्पीकरचा आवाज वाढवून घुमणं कमी होत नाही, तेही तेवढंच वाढतं.

माईकविषयी माझा एक हट्ट आहे. ‘माझा आवाज मोठा आहे, माईक नको’ असं म्हणणारा वक्ता दर दोन कार्यक्रमांत एक भेटतो, आणि त्यावर टाळ्याही पडतात. त्याला माईक द्याच. कानाचं यंत्र वापरणाऱ्याला लांबून आलेला मोठा आवाज आणि आजूबाजूची कुजबुज एकत्रच मिळते, त्यामुळे नुसत्या मोठ्या आवाजाने त्याचं काम भागत नाही. पैसे असतील तर इंडक्शन लूप बसवा : माईकचा आवाज चुंबकीय क्षेत्रातून थेट कानाच्या यंत्रातल्या टेलिकॉइलपर्यंत, म्हणजे तारेच्या बारीक वेटोळ्यापर्यंत जातो, मधला गोंगाट गाळला जातो. प्रश्न विचारणाऱ्यांनाही माईक हवा. एवढी शिस्त जमत नसेल तर सूत्रसंचालकाने प्रत्येक प्रश्न माईकवर पुन्हा बोलावा.

उलट बाजूही बघा. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत ऐकणं ही कामाच्या जागी सर्रास धरली जाणारी मर्यादा आहे, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होत जाते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटंच उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी सांगितलेली कमाल पातळीही १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल हीच आहे. फोनवरचं मोफत अ‍ॅप तंतोतंत आकडा देत नाही, पण साउंडवाल्याशी वाद घालायला तेवढं पुरतं.

सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारे दिवे टाळा, काही जणांना त्याने झटका येऊ शकतो. वक्त्याच्या तोंडावर उजेड हवा, कारण ओठांच्या हालचाली बघून ऐकणारे बरेच असतात. वक्त्याला खिडकीसमोर पाठ करून उभं केलंत तर तो नुसता काळा आकार दिसतो.

हवेसाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारं लहान यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. आत १००० च्या वर गेला की हवा खेळत नाहीये असं समजायचं आणि खिडक्या उघडायच्या. व्याख्यानात पेंगणाऱ्या श्रोत्यांचा दोष दर वेळी वक्त्याकडे जातो. कधीकधी तो खिडकीचा असतो.

एक शांत कोपरा ठेवा. दोन खुर्च्या, मंद दिवा, पडद्याचा आडोसा. गर्दीत गुदमरणारी माणसं, रडणारं मूल, औषध घ्यायला बाजूला जाणारे, सगळे त्याचा वापर करतील. त्या कोपऱ्यात सामान साठवू नका. रिकाम्या कोपऱ्यात सामान आपोआप जमतं, त्यामुळे हे वाक्य महिन्यातून एकदा पुन्हा वाचा.

पायरी ४ : तारखा आणि पैसे

भाडं, वीज, साफसफाई, दुरुस्ती, विमा यांची महिन्याची बेरीज करा आणि जागा खरोखर किती तास वापरली जाते त्याने भागा. तो तासाचा खर्च. मग तीन दर ठरवा : तिकीट लावून कार्यक्रम करणाऱ्यांना खर्चापेक्षा जास्त, खासगी समारंभांना खर्चाइतका किंवा थोडा वर, आणि सर्वांना मोफत प्रवेश देणाऱ्या छोट्या गटांना खर्चापेक्षा कमी. दर भिंतीवर लावा. ‘विचारून सांगते’ म्हणालात की घासाघीस करू शकणाऱ्यालाच सवलत मिळते. ज्याला गरज असते तो बहुतेक वेळा घासाघीस करत नाही.

प्रवेशाला ‘परवडेल तेवढं द्या’ अशी पेटी ठेवणार असाल तर ती झाकलेली हवी आणि तिच्यापाशी कोणी उभं राहायला नको. समोर पावतीपुस्तक घेऊन माणूस बसला की ती ऐच्छिक राहत नाही.

तारखांचं भांडण पैशांपेक्षा कडू होतं. शनिवारची संध्याकाळ एका गटाने वर्षभरासाठी धरून ठेवली की नवा गट मंगळवारी दुपारीच येऊ शकतो, म्हणजे येतच नाही. आम्ही दोन नियम केले : तीन महिन्यांच्या पुढची तारीख कोणालाही नाही, आणि महिन्यातली एक चांगली संध्याकाळ इथे आधी कधीच कार्यक्रम न केलेल्यांसाठी राखीव. पहिले काही महिने ती रिकामी गेली आणि जुन्यांनी टोमणे मारले. नियम तसाच ठेवला.

पायरी ५ : जाहिरातीत खरं लिहा

‘व्हीलचेअरची सोय आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘मुख्य दारात एकही पायरी नाही, दाराची रुंदी ८५ सेंटीमीटर, टॉयलेट त्याच मजल्यावर पण त्याचं दार ७० सेंटीमीटर’ यातून कळतं. उणीव लिहायला लाजू नका. घरून निघण्याआधी कळलेली उणीव माणूस पचवतो, दारात कळलेली नाही.

किती वाजता संपणार, मध्येच उठून गेलं तर चालेल का, मुलं आणली तर चालतील का, मोठा आवाज किंवा अंधार असणार का, हेही लिहा. खाण्याचं काही असेल तर त्यात काय काय घातलंय त्याची चिठ्ठी लावा. अक्षरं मोठी आणि पार्श्वभूमीवर उठून दिसणारी. लाल-हिरव्या रंगांवर अर्थ सोडू नका, तो फरक अनेकांना दिसत नाही. नोंदणी फक्त क्यूआर कोडने ठेवली तर साधा फोन वापरणारे तिथेच गळतात. फोन नंबर द्या आणि तो उचला.

पायरी ६ : कार्यक्रमाचा दिवस

दारावर एक माणूस हवा. त्याचं काम तेवढंच. तिकिटं तपासणं नाही, हार आणायला धावणं नाही, मित्रांशी गप्पा नाहीत, हातात फोन नाही. ही जबाबदारी सगळ्यात नव्या स्वयंसेवकाला ढकलून द्यायची पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. सगळ्यात अनुभवी माणूस दारात उभा करा.

काय बोलायचं? ‘पहिल्यांदाच येताय का?’ हा प्रश्न मला आवडत नाही. तिसऱ्यांदा आलेल्याला तो विचारला की त्याला कळतं, आपण कोणाच्या लक्षात राहिलेलो नाही. त्याऐवजी सगळ्यांना चार गोष्टी सांगा : ‘या, अजून सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत. बसायला कुठेही बसा. टॉयलेट डावीकडे. मध्येच निघायचं असेल तर ते मागचं दार.’ अनोळखी जागी माणसाला हे चारच प्रश्न पडलेले असतात आणि एकही विचारायला आवडत नाही.

अपेक्षेपेक्षा थोड्या कमी खुर्च्या मांडा, बाकीच्या हाताशी ठेवा. शंभर खुर्च्यांत बसलेली तीस माणसं एकमेकांपासून लांब बसतात आणि वक्त्यासकट सगळे कसनुसे होतात. पस्तीस खुर्च्यांत तीच माणसं भरगच्च वाटतात, आणि दहा खुर्च्या आणाव्या लागल्या तर सगळ्यांनाच बरं वाटतं. व्हीलचेअरसाठी दोन-तीन ठिकाणच्या खुर्च्या काढून ठेवा. नुसत्या शेवटच्या रांगेच्या कडेला नकोत, मध्येही हव्यात, शेजारी सोबतच्या माणसाची खुर्ची असेल अशा. मागची रांग पटकन उठून जाणाऱ्यांना असू द्या. ‘पुढे या, पुढे या’ असा माईकवरून आग्रह करू नका. मागे बसलेला कारण असल्याशिवाय मागे बसलेला नसतो.

कार्यक्रम संपल्यावर जुनी मंडळी घोळका करून उभी राहतात. खांद्याला खांदा, पाठी बाहेर. नव्या माणसाला त्या पाठी दिसतात. त्यांना सांगून ठेवा की घोळक्यात एका माणसाची जागा नेहमी मोकळी सोडायची. ऐकायला बालिश वाटतं, पण चालतं.

फोटो काढणार असाल तर आधी सांगा, आणि बसायच्या जागेचा एक भाग बिनफोटोचा ठेवा. आपण कुठे आलो हे जगाला कळू नये याला प्रत्येकाची आपापली कारणं असतात, ती विचारू नका. वेळेवर सुरू करा. वेळेवर संपवणं त्याहून महत्त्वाचं, कारण शेवटची गाडी गाठायची असलेला किंवा घरी आजारी माणूस ठेवून आलेला पुढच्या वेळी तुमच्या ‘अजून पाचच मिनिटां’चा विचार करून घरीच थांबतो.

पायरी ७ : काही बिघडलं तर

बिघडणारच. त्यासाठी आधी पाच-सहा ओळींचे नियम भिंतीवर लावा : कोणाच्या धर्म, जात, लिंग, रंग, शरीर यांवरून अपमान नाही, नको असताना स्पर्श नाही, पाठलाग नाही. खाली त्या दिवशी कोणाशी बोलायचं त्या दोन माणसांची नावं. दोन का? कारण तक्रार त्यातल्या एकाबद्दलही असू शकते.

तक्रार आली की आधी ऐका, आणि तक्रार करणाऱ्याला विचारा, ‘आत्ता तुम्हाला काय हवंय?’ कधी फक्त रिक्षापर्यंत सोबत हवी असते, कधी समोरच्याला बाहेर काढलेलं हवं असतं. दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणू नका. जे झालं ते त्याच दिवशी, तारीख-वेळेसह लिहा. हातघाईवर किंवा धोक्यावर आलं तर पोलीस किंवा रुग्णवाहिका. ते नंबर दाराजवळ मोठ्या अक्षरांत असायला हवेत. निर्णय काही दिवसांत घ्या आणि काय ठरलं ते तक्रार करणाऱ्याला जाऊन सांगा. अनेक ठिकाणी निर्णय होतो, पण सांगायचंच राहून जातं.

सगळ्यात अवघड प्रसंग एकच. चुकणारा माणूस जागेचा जुना, लाडका, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा असतो. ‘तो तसाच आहे, मनाने वाईट नाही’ हे वाक्य तेव्हा कोणीतरी म्हणतं. मीही एकदा म्हटलंय. तो राहिला. पुढच्या सहा महिन्यांत चार मुली यायच्या बंद झाल्या, आणि त्यांच्या गैरहजेरीचा संबंध माझ्या वाक्याशी जोडायला मला आणखी सहा महिने लागले.

पायरी ८ : शेजारी

पहिल्या कार्यक्रमाआधी आजूबाजूच्या घरांत जा. आवाज किती वाजता थांबेल ते सांगा, फोन नंबर द्या, आणि सांगितलेली वेळ पाळा. गाड्या कुठे लागतील याचा बंदोबस्त करा. बस्स.

पायरी ९ : किल्ली कोणाकडे?

किल्ल्या किमान तिघांकडे हव्यात. फ्यूज कुठे, पाण्याचा मुख्य कॉक कुठे, प्रोजेक्टर हट्ट करतो तेव्हा काय करायचं, हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ‘मीच करून टाकते’ हे कष्टाळू माणसाचं आवडतं वाक्य आहे. त्याने वर्षभरात दोन गोष्टी होतात : तो थकतो, आणि दुसऱ्या कोणाला काही येत नाही.

कार्यक्रमानंतर झाडू कोणाच्या हातात असतो आणि माईक कोणाच्या, हे दोन-तीन महिने नोंदवून बघा. ‘सगळे मिळून करतो’ म्हणणाऱ्या गटांतही भांडी विसळणारे हात तेच तेच असतात. पाळ्या लावा, आणि पाळीच्या तक्त्यात स्वतःचं नाव पहिलं घाला.

पायरी १० : मोजा, पण गर्दी नको

‘हॉल भरला होता’ याने फसायला होतं. तेच साठ जण दर वेळी येत असतील तर तो त्यांचा क्लब आहे. दारावरच्या माणसाकडे कागद द्या आणि तीन रकान्यांत रेघा मारायला सांगा : एकूण किती, नवे किती, दुसऱ्यांदा आलेले किती. नवे भरपूर आणि दुसऱ्यांदा आलेले कमी, असं दिसलं की जाहिरात चांगली आहे आणि आत काहीतरी खुपतंय.

नंबर देऊन ‘फोन केला तर चालेल’ म्हणालेल्यांपैकी जे परत आले नाहीत, त्यांच्यातल्या चार-पाच जणांना महिन्यातून एकदा फोन करा. ‘का आला नाहीत?’ असं विचारलं तर ‘वेळ नव्हता’ हेच ऐकायला मिळतं. ‘आमच्याकडची एक गोष्ट बदलायची झाली तर कोणती बदलू?’ असं विचारा. मला मिळालेली उत्तरं अगदी किरकोळ वाटावीत अशी होती : खुर्चीला हात नाहीत त्यामुळे उठता येत नाही, टॉयलेटची कडी तुटलीये, माझं नाव तिघांनी चुकीचं उच्चारलं. कडी त्याच दिवशी बसवली. हातांच्या सहा खुर्च्या आणल्या आणि त्या वेगळ्या न ठेवता ओळींत मिसळल्या. बदल केला की फलकावर लिहा, ‘तुम्ही सांगितलंत, म्हणून हे केलं.’

रात्री कुलूप लावण्याआधी एक फेरी मारा : खिडक्या, नळ, पंखे, मागचं दार, शांत कोपऱ्यात कोणी छत्री विसरलंय का. मग दाराजवळच्या खुर्चीत दोन मिनिटं बसा आणि वहीत तारीख घालून एक ओळ लिहा, आज दारातून कोण परत गेलं. दिसलं नसेल तर ‘दिसलं नाही’ असं लिहा, ‘कोणी नाही’ असं नको.